दवाखाना फुकट, वाट महाग



मागच्या हंगामात, कापसाची दुसरी वेचणी चालू असताना, आम्ही तिघे जण पूर्णाकाठच्या एका गावी बैठकीला निघालो होतो. फाट्यावर उतरलो तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. निंबाखाली एक गृहस्थ बसले होते. साठीच्या आतबाहेरचे, पावले सुजलेली, चेहरा राखेसारखा, डाव्या हाताची शीर मनगटापासून कोपरापर्यंत दोरासारखी फुगलेली. सोबत मुलगा. विचारपूस केली तेव्हा कळले की जिल्ह्याच्या गावी त्यांची सकाळी आठची डायलिसिसची पाळी होती. गावात मुक्कामाला येणारी एसटी आदल्या रात्री आलीच नव्हती, त्यामुळे पहाटे सहाला सुटण्याचा प्रश्नच नव्हता. साडेसहापासून बापलेक फाट्यावर. आम्ही तिथे उभे असताना कापसाने लादलेली दोन वाहने गेली, दुधाची गाडी गेली, सरकीचा ट्रक गेला. माणसे नेणारी गाडी सव्वादहाला आली. काळी-पिवळी, आत चौदा जण. बापाला आत कोंबले, मुलगा मागे लटकला.

ते पोचले तेव्हा त्यांची पाळी संपत आली होती. तिथल्या मंडळींनी माणुसकी दाखवली, पुढच्या पाळीचे काम थोडे खोळंबवून त्यांना यंत्रावर घेतले. चार तासांच्या जागी दोन तास. यंत्रावरच्या पोरीला आम्ही दोष देत नाही. बारा वाजताच्या पाळीचा रोगीही असाच कुठल्या तरी फाट्यावरून आलेला असतो, त्याचे तास कापून यांना देता येत नाहीत.

तीन महिन्यांनी ते गृहस्थ वारले. गाडी आली नाही म्हणूनच वारले, असे छातीठोकपणे आम्ही म्हणणार नाही. आजारच तसा आहे. पण मरणाच्या दाखल्यावर मूत्रपिंड लिहिले जाते, फाटा कधी लिहिला जात नाही, एवढे मात्र खरे.

ज्याच्या घरात हा आजार शिरला नाही त्याच्यासाठी थोडे सांगतो. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातली घाण आणि अंगातले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. मग रक्त यंत्रातून फिरवून धुऊन घ्यावे लागते. साधारण आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. एक खेप हुकली की पाणी फुप्फुसात चढते, दम लागतो. रक्तातले पोटॅशियम वाढले तर हृदय चालता चालता थांबते. दोन दिवसांचे अंतर पडले तर धोका वाढतो, हे २०११ साली अमेरिकेतल्या हजारो रुग्णांच्या पाहणीत दिसून आले आहे. तिथे तर ते अंतर ठरलेल्या सुट्टीचे होते. आपल्याकडे ते कधी नाल्याला पूर आला म्हणून पडते, कधी पोळा म्हणून, कधी मुक्कामी गाडीचे टायर फुटले म्हणून.

आणि धुऊन झाल्यावर माणूस कसा होतो? रक्तदाब खाली आलेला, पायांत त्राण नाही, डोके गरगरते, सुया टोचल्या त्या जागी पट्टी. अशा माणसाला आपण बसस्थानकाच्या बाकावर तीन तास बसवतो आणि मग पन्नास किलोमीटर उभ्याने नेतो. शहरातले लोक अशा वेळी घरी जाऊन दुपारभर झोपतात.

अकोट, तेल्हारा, बाळापूर, दर्यापूर, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा आमचा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. मूत्रपिंडाच्या आजाराला तिथले लोक पाण्यालाच दोष देतात. तो वाद आम्ही डॉक्टरांवर सोपवतो. आजार कशाने झाला हा एक प्रश्न आहे, झालेल्या माणसाला यंत्रापर्यंत कोणी न्यायचे हा दुसरा. पहिल्यावर भाषणे पुष्कळ झाली. दुसऱ्यावर कोणी चकार शब्द काढत नाही.

म्हणून आपणच हिशोब मांडू. आठवड्याला तीन खेपा म्हणजे वर्षाला १५६. जाणे आणि येणे धरले तर ३१२ वेळा प्रवास. एसटी वेळेवर नसली की गाडी स्पेशल करावी लागते. जाण्यायेण्याचे बाराशे रुपये धरा. तुमच्या गावचा दर वेगळा असेल तर तो घाला. वर्षाचे झाले १,८७,२०० रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा जाहीर हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे तेवीस क्विंटल कापूस नुसता वाटेत गेला. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल पिकले तर पाच एकरांचे सगळे पीक. बियाणे, खत, फवारणी, निंदणी, वेचणी यांचा खर्च अजून काढलेलाच नाही. संकरित ज्वारीत मांडाल तर ३,६९९ च्या भावाने पन्नास क्विंटल. आणि हमीभाव मिळाला तर! तो किती जणांच्या पदरात पडतो हे या पानावर वेगळे सांगायला नको.

यात सोबत जाणाऱ्याची मजुरी धरलेली नाही. रोगी एकटा जाऊ शकत नाही, म्हणजे घरातला एक कमावता माणूस वर्षातले १५६ दिवस शेतातून उठला. डवरणीच्या वेळी उठला, फवारणीच्या वेळी उठला, वेचणीला बाया आल्या तेव्हा काटा धरायला घरचे कोणी नाही. अशी शेती किती वर्षे चालते? पहिल्या वर्षी दागिना जातो, दुसऱ्या वर्षी बैलजोडी, तिसऱ्या वर्षी धुऱ्यालगतचे एक एकर. आणि गावात लोक म्हणतात, आजाराने घर बसवले. आजाराचे उपचार तर फुकट होते, भावांनो. घर वाटेने बसवले.

हो, उपचार फुकट आहेत, हे नाकारण्याचा अप्पलपोटेपणा आम्ही करणार नाही. २०१२ साली राज्यात आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांचे नाव घेतलेली जनआरोग्य योजना आहे. आत्महत्याग्रस्त म्हणून गणलेल्या चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यालाही तिच्यात घेतले गेले. २०२३ साली ती सर्व कुटुंबांसाठी खुली करण्याचा निर्णय झाला. केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे. यंत्रे जिल्हा रुग्णालयांत आली, काही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालयांतही आली. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या भागात ज्याला हा आजार झाला तो घरी येऊन खाटेवर पडायचा आणि संपायचा. आज तो जगू शकतो, हे खरेच आहे.

मग राग कशाचा? राग याचा की सरकारला हे सगळे ठाऊक होते. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी अर्थमंत्र्यांनी लोकसभेत हा कार्यक्रम जाहीर केला, त्या भाषणात त्यांनी एका खेपेचा खर्च सुमारे दोन हजार रुपये सांगितला. आणि त्याच दमात सांगितले की बहुतेक कुटुंबांना वारंवार, लांबलांबून यावे लागते, प्रवासाचा मोठा खर्च पडतो, रोग्याची आणि सोबत्याचीही मजुरी बुडते. दुखणे नेमके ओळखले होते! पण पैसे दिले यंत्राला. गाडीला एक छदाम नाही. रोग बरोबर सांगायचा आणि औषध शेजारच्याला द्यायचे, अशी ही वैद्यकी. जनआरोग्य योजनेच्या पॅकेजात प्रवास म्हणून काय धरले आहे? भरती झालेल्या रुग्णाला घरी परतण्याचे एकवेळचे भाडे. दवाखान्यात यायचे कसे ते तुमचे तुम्ही बघा, आणि परत परत यायचे असेल तर तेही बघा.

हे साहेब लोकांपुढे मांडले की तीन उत्तरे ठरलेली असतात.

पहिले उत्तर एसटीचे. डायलिसिसच्या, हिमोफिलियाच्या, सिकलसेलच्या रुग्णाला एसटीत शंभर टक्के सवलत आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून फुकट आहे, बायांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. आहे ना! आम्ही कधी नाही म्हटले? पण फुकट तिकिटाला गाडी लागते. ज्या गावची मुक्कामी गाडी बंद झाली त्या गावची सकाळच बंद झाली. शंभर टक्के सवलतीचे कार्ड खिशात घालून माणूस फाट्यावर बसतो आणि काळी-पिवळीला पूर्ण भाडे मोजतो. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एसटीचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. कामगारांचे म्हणणे काय होते, चूक कोणाची, हा इथला विषय नाही. पण त्या साडेपाच महिन्यांत मूत्रपिंडांनी संप मागे घेतला नव्हता. आठवड्याच्या तीन खेपा लागतच होत्या. त्या खेपांची दुसरी काय व्यवस्था आहे, असे राज्यातल्या एकाही पुढाऱ्याने विचारलेले आमच्या तरी कानावर आले नाही.

रेल्वेचे म्हणाल तर तिने मूत्रपिंडाच्या रुग्णाला आणि त्याच्या एका सोबत्यालाही भाड्यात सवलत ठेवली आहे. सोबत्याचा विचार करण्याइतकी अक्कल रेल्वेला आहे, त्याबद्दल तिचे आभार. पण आपल्या गावाला रूळ कुठे आहेत? होते, तेही गेले. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरची शकुंतला इंग्रजांच्या काळात खासगी कंपनीने घातली ती कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला आणायचा, तिथून मुंबईला आणि बोटीने विलायतेला. कापसाच्या गाठीसाठी त्यांनी आमच्या शेतांतून रूळ टाकले. कापूस दुसऱ्या वाटेने जाऊ लागला तशी ती गाडी रखडत गेली आणि बंद पडली. तिच्यात बसून तालुक्याला जाणारी माणसे कोणाच्या हिशोबात नव्हती.

दुसरे उत्तर १०८ चे. २०१४ च्या प्रजासत्ताकदिनी ही सेवा सुरू झाली तेव्हा राज्यात ९३७ रुग्णवाहिका दिल्या होत्या. अपघात, साप चावणे, विष पोटात जाणे, छातीत कळ येणे, अडलेली बाळंतीण यांच्यासाठी त्या आहेत आणि त्यांनी माणसे वाचवली आहेत. विषबाधा काय असते हे फवारणी करणाऱ्या कास्तकाराला शिकवायला नको. म्हणूनच आम्ही सांगतो, रोज ठरल्या वेळी डायलिसिसला जाण्यासाठी १०८ नाही आणि तिला त्यासाठी बोलावू नये. पण मग होते काय? तीन खेपा हुकलेला माणूस दम लागून निळा पडतो तेव्हा १०८ ला फोन जातो. आता मात्र तो तातडीचा रोगी होतो! मंगळवारी बाराशे रुपयांच्या गाडीने जो चालत यंत्रावर गेला असता, त्याच्यासाठी शनिवारी रात्री डॉक्टर, प्राणवायू आणि सायरन. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. आणि ती गाडी त्याला घेऊन जिल्ह्याला गेलेली असताना इकडे कोणाला साप चावला तर? वर पुन्हा शहाजोगपणे ओरड होते की खेड्यातले लोक १०८ चा गैरवापर करतात, साध्यासुध्या दुखण्याला बोलावतात. अहो, साध्यासुध्या दुखण्याला बोलवायला तुम्ही दुसरे ठेवले काय?

तिसरे उत्तर १०२ चे. २०११ च्या जून महिन्यात केंद्राने जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आणला. गरोदर बाईला घरून दवाखान्यात नेणे, मोठ्या दवाखान्यात हलवणे आणि बाळंत झाल्यावर घरी सोडणे, सगळे फुकट. आजारी तान्ह्यालाही तेच. आमच्या मते सरकारने या विषयात केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच. कारण त्यात कोणीतरी पहिल्यांदा कबूल केले की बाई दवाखान्यात पोचणे हा बाळंतपणाचाच भाग आहे आणि घरी परत येणे हाही. हे एकदा कबूल केले तर डायलिसिसच्या रुग्णाने काय घोडे मारले? कर्करोगाच्या रुग्णाने? १०२ मध्ये इतरांना बसू देऊ नका असे कुठे लिहिलेले नाही, असे सांगतात. मनाई नाही, पण हक्कही नाही. म्हणजे सगळे त्या दिवशी गाडी कुठे आहे, डिझेल आहे का आणि सरपंचाचा फोन जातो का यावर.

कर्करोगाचे नाव निघाले म्हणून सांगतो. खर्रा चघळून तोंडाचा कर्करोग घेऊन आलेले तरुण पोरगे आपल्यात कमी नाहीत. विजेचा शेक, म्हणजे किरणोपचार, हा आठवड्यातून पाच दिवस, असा पाच-सात आठवडे घ्यावा लागतो. मधे खंड पडला की राहिलेला रोग पुन्हा जोर धरतो. यवतमाळकडच्या माणसाला त्यासाठी नागपूर गाठावे लागले तर रोज जाणे-येणे अशक्य. मग तो धर्मशाळा शोधतो, नाहीतर तीन आठवड्यांनी कंटाळून परत येतो. गावात सांगतो, आता बरे वाटते. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे.

या देशात वेळेवर गाडी पोचवणे कोणाला जमत नाही असे नाही. दूध सहा तासांत नासते म्हणून संघाची गाडी पहाटे पाचला गावात येते, पाऊस असो की चिखल. कोणत्या गावचे किती कॅन, कोणत्या रस्त्याने किती वेळ, सगळे कागदावर. फॅक्टरीला ऊस हवा असतो तेव्हा ट्रक फडात येतो. २०२४ च्या लोकसभेला पंच्याऐंशीच्या वरच्या म्हाताऱ्यांचे आणि चाळीस टक्क्यांहून जास्त अपंग असलेल्यांचे मत घ्यायला निवडणूक आयोगाची माणसे पेटी घेऊन घरी आली. उत्तम केले. आणि ज्यांच्या घरी आयोग आला नाही त्यांच्या घरी उमेदवाराची जीप आली. त्या दिवशी पांदण रस्ता आड येत नाही, ड्रायव्हर रजेवर नसतो. दूध नासते, मत नासते, फक्त रक्त नासत नाही असा यांचा समज दिसतो.

आता यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. गावात गाड्या नाहीत का? आहेत. कर्ज काढून जीप घेतलेली, व्हॅन घेतलेली पोरे प्रत्येक मोठ्या गावात दोन-चार आहेत. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परवाना नसताना भाडे घेऊन माणसे नेली तर तो गुन्हा. दंड दहा हजारांचा, तुरुंगाचीही तरतूद. त्याच कलमात एक सूट आहे, आजारी किंवा जखमी माणसाला तातडीच्या वेळी नेले तर हे कलम लागू नाही. वाचा नीट: तातडीच्या वेळी. माणूस मरायला टेकला तर त्या पोराने न्यावे, तो मरायला टेकू नये म्हणून दर मंगळवारी नेले तर पावती फाडावी. कायद्यालाही धावपळच दिसते, नेमाने चाललेला उपचार दिसत नाही. आणि ही पावती फाडली जात नसेल तेव्हा तिच्या जागी जे दिले जाते त्याचाही बोजा भाड्यात रोग्यावरच पडतो. सरकार स्वतः गाडी सोडणार नाही आणि दुसऱ्याने सोडली तर सोडू देणार नाही. कापसाच्या एकाधिकार खरेदीची ज्यांना आठवण आहे त्यांना हा खाक्या ओळखीचा वाटेल.

परदेशाचे कौतुक करण्याची आम्हाला हौस नाही, पण ऐकून ठेवा. अमेरिकेत सरकारी इस्पितळे सगळ्यांना नाहीत, गरिबांसाठी मेडिकेड नावाची योजना आहे. टेक्सासातल्या गरीब रुग्णांनी राज्य सरकारवर दावा लावला की योजना आहे पण डॉक्टरपर्यंत जायची सोय नाही. १९७४ साली कोर्टाने रुग्णांच्या बाजूने निकाल दिला: नेण्याची व्यवस्था करणे हे राज्याचे काम. २०२० च्या डिसेंबरात तिथल्या संसदेने ही गोष्ट कायद्यातच घातली. इंग्लंडात तातडीच्या नसलेल्या रुग्णांसाठी वेगळ्या गाड्या आहेत, वर्षाला एक कोटीहून जास्त खेपा करतात, आणि दवाखान्यात येऊन डायलिसिस घेणाऱ्या प्रत्येकाला प्रवासाची मदत द्यायची असे तिथे २०२१ साली ठरले. तिथेही गाड्या उशिरा येतात म्हणून रुग्णांच्या संघटना भांडतातच. पण त्या भांडतात गाडी उशिरा आली म्हणून. आपल्याला आधी गाडीसाठी भांडायचे आहे.

काही हुशार मंडळी म्हणतात, आता घरच्या घरी डायलिसिस होते, पोटातून. बरोबर आहे, २०१९ साली केंद्राने त्याचीही मार्गदर्शक तत्त्वे काढली. ज्याला जमेल त्याला ते जरूर मिळावे. पण त्याला स्वच्छ खोली लागते, धुतलेले हात लागतात आणि महिन्याला ढीगभर पिशव्या घरपोच लागतात. पिशव्या आणणार कोण? पुन्हा गाडीच!

थोडे आपल्याकडेही बोट दाखवू, नाहीतर मायबहिणी म्हणतील की सगळे दुसऱ्यालाच सांगता. बाप आजारी पडला तर मुलगा गाडी स्पेशल करतो. आई आजारी पडली की मुक्कामी गाडीची वाट बघतो. बायको आजारी पडली तर वेचणी आटोपू दे म्हणतो. वेचणी तीच करत असते. सहाव्या महिन्याची तपासणी हुकते, रक्त किती आहे ते कळत नाही, क्षयाच्या गोळ्या संपल्यावर पुढच्या आणायला कोणी जात नाही. ती स्वतःच सांगते, मी बरी आहे. पाच किलोमीटर पायी आणि दोन तास फाट्यावर काढण्यापेक्षा बरी आहे असे म्हणणे तिला सोपे पडते. सरकारशी भांडताना आपण ज्या गाडीची मागणी करू तिच्यात आधी तिला बसवायची तयारी ठेवा.

मागायचे काय? सरकारने नव्या गाड्या विकत घ्याव्यात असे आम्ही म्हणणार नाही. त्या गाड्यांचे काय होते ते आरोग्य केंद्राच्या मागे जाऊन बघा. टायर नाही, ड्रायव्हर नाही, आत कोंबड्या बसतात. आम्ही म्हणतो, डायलिसिसच्या आणि किरणोपचाराच्या प्रत्येक खेपेचा प्रवासखर्च सोबत्यासह योजनेच्या पॅकेजात धरा आणि तो रुग्णाच्या गावातल्या परवानाधारक गाडीला किलोमीटरप्रमाणे, महिन्याच्या महिन्याला द्या. सहा महिन्यांनी नाही. उधारीवर गाडी धावत नाही. या कामाचा परवाना तालुक्याला, एका दिवसात, हेलपाटे न घालता द्या. आणि पैशाशिवाय होणारी एक गोष्ट उद्यापासून करा. एकाच रस्त्यावरच्या गावांच्या रुग्णांना एकाच दिवशी, एकाच पाळीला बसवा. आज एका गावचा सोमवारी सकाळी, शेजारचा मंगळवारी दुपारी, तिसरा त्याच दिवशी संध्याकाळी, म्हणजे तीन गाड्या. दुधाच्या संघाला जे गणित येते ते दवाखान्याला का येऊ नये? एका व्हॅनमध्ये पाच रुग्ण आणि दोन सोबती बसले तर बाराशेचे अडीचशे होतात, आणि संध्याकाळच्या पाळीतून रात्री आठला सुटणारा माणूस बसस्थानकावर रात्र काढत नाही.

हे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांकडे रिकाम्या हातांनी नेले तर ते फायलीत जाईल. साहेब विचारतील, अशा किती खेपा हुकल्या? कोणाकडे आकडा नाही, कारण न आलेल्या रोग्याची नोंद कोणी ठेवत नाही. म्हणून ती आपण ठेवायची. प्रत्येक गावाने शंभर पानी वही करावी. तारीख, घरून निघाल्याची वेळ, कोणते वाहन, पोचल्याची वेळ, किती तास उपचार मिळाला, भाडे, सोबत कोण, घरी परतल्याची वेळ. खेप हुकली तर का हुकली ते एका ओळीत. रुग्णाचे नाव लिहायचे नाही, घर क्रमांक पुरे. आजार हा चव्हाट्यावर मांडायचा विषय नाही. डायलिसिस, शेक, क्षय, सिकलसेल, गरोदर बायांची तपासणी, हाड मोडल्यावरचे प्लास्टर, सगळे लिहा.

पहिली वही आमच्याकडे आली आहे. फाट्यावर भेटलेल्या त्या गृहस्थांच्या मुलाने बापाच्या खेपा पहिल्या दिवसापासून शाळेच्या एका जुन्या वहीत लिहून ठेवल्या होत्या, का ते त्यालाही सांगता आले नाही. त्याच्या परवानगीने ती जिल्हा बैठकीत टेबलावर ठेवू. बाकीच्या गावांनी आपापल्या वह्या घेऊन यावे. आणि बैठकीला येताना ज्यांच्याजवळ गाडी आहे त्यांनी फाट्यावर कोणी बसले आहे का ते बघून यावे.